चंडी : एका विरळ स्त्रीनामाचा शोध

१

पंजाब आणि हरियाणा या दोन राज्यांच्या सामायिक राजधानीचे नाव मराठीत बहुधा ‘चंदीगड’ किंवा ‘चंदीगढ’ असे लिहिले जाते. पंजाबी आणि हिंदी या दोन्ही भाषांत ते ‘चंडीगढ’ आहे. त्यातील ‘ड’ तेथे स्पष्टपणे उच्चारला जातो आणि त्याला सबळ कारणही आहे. शिवालिकच्या पायथ्याशी असलेल्या चंडीच्या मंदिरावरून आणि त्यापलीकडील गढीवरून या नगराचे नाव ठेवण्यात आले. फाळणीत लाहोर पाकिस्तानात गेल्यानंतर भारतीय पंजाबसाठी जी नवी राजधानी उभारली गेली, तिचे उद्घाटन राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते ७ ऑक्टोबर १९५३ रोजी झाले. ल कॉर्बुझिए यांनी आखलेल्या या सर्वस्वी आधुनिक नगराला नाव मिळाले ते मात्र एका प्राचीन देवीचे. ते मंदिर आज हरियाणाच्या पंचकुला जिल्ह्यात आहे. कालक्याकडे जाणाऱ्या लोहमार्गावर चंडीमंदिर नावाचे स्थानक आहे आणि त्याच नावाच्या छावणीत भारतीय सेनेच्या पश्चिम विभागाचे मुख्यालय आहे.

‘ड’चा ‘द’ झाला की मंदिराशी असलेला हा धागा तुटतो. मराठीत ‘चंदी’ म्हणजे घोड्याला घालावयाचा दाणा. त्यामुळे देवीचा गड मराठी लेखणीत घोड्याच्या दाण्याचा गड होतो. कानाला तर तो चांदीचा किंवा चंद्राचा वाटतो. हा लेखनदोष तसा क्षुल्लक म्हणता येईल. परंतु तो एका मोठ्या प्रश्नाकडे बोट दाखवतो, आणि म्हणूनच प्रस्तुत निबंधाचा आरंभ त्यापासून केला आहे.

‘चंड’ हा शब्द मराठीला परका नाही. ‘प्रचंड’ आपण दिवसातून अनेकदा म्हणतो. शिवाजी महाराजांनी तोरण्याला प्रचंडगड असे नाव दिले होते. नवरात्रात सप्तशतीचे पाठ होतात. नवचंडी, शतचंडी, सहस्रचंडी ही अनुष्ठाने महाराष्ट्रात सुपरिचित आहेत. दाभोळ येथे चंडिकेचे गुहामंदिर आहे, वसईजवळच्या जूचंद्र गावी टेकडीवर तिचे देऊळ आहे. असे असूनही मराठी घरात मुलीचे नाव ‘चंडी’ किंवा ‘चंडिका’ ठेवल्याचे अगदी क्वचितच आढळते. जे नाव नगराला चालते, अनुष्ठानाला चालते, देवळाला चालते, ते पाळण्यातल्या मुलीला का चालत नाही? या नावाची व्युत्पत्ती, त्याचा अर्थविस्तार आणि त्याची विरळता यांचा एकत्र विचार केल्यास स्त्रीनामांमागील सांस्कृतिक नियमनाविषयी काही निष्कर्ष हाती येतात.

२

‘चण्ड’ या शब्दाचा संबंध परंपरा ‘चडि’ या धातूशी जोडते. धातुपाठात या धातूचा अर्थ ‘कोप’ असा दिला आहे. त्यावरून उग्र, तीव्र, तापट, प्रखर असे अर्थ निष्पन्न झाले. प्रखर किरणांचा म्हणून सूर्य ‘चंडांशु’ ठरला. चण्डा, चण्डी आणि चण्डिका ही या शब्दाची स्त्रीलिंगी रूपे. संस्कृत वाङ्मयात या रूपांना दोन स्वतंत्र आयुष्ये लाभलेली दिसतात.

पहिले आयुष्य देवीचे. मार्कंडेयपुराणात अंतर्भूत असलेल्या देवीमाहात्म्याचे तेरा अध्याय परंपरेने सातशे मंत्रांचे मानले जातात. त्यावरून त्याला सप्तशती हे नाव पडले. ‘चंडी’ हे त्याच ग्रंथाचे दुसरे नाव आणि त्याचे पठण म्हणजे चंडीपाठ. देवता आणि ग्रंथ यांचे नाव एक व्हावे, ही गोष्ट या नावाच्या सामर्थ्याची द्योतक आहे. या ग्रंथातील देवीच्या प्राकट्याची कथा येथे विशेष महत्त्वाची ठरते. महिषासुराची कृत्ये ऐकून देव संतप्त होतात, त्यांच्या कोपातून तेज बाहेर पडते आणि त्या एकवटलेल्या तेजातून स्त्रीरूप साकार होते. म्हणजे ‘चंडिका’ हे नाव तिच्या स्वभावातील एखाद्या छटेपुरते मर्यादित नसून तिच्या उत्पत्तीचेच नाव आहे. कोप हा येथे विकार मानलेला नाही. धर्मरक्षणाचे साधन म्हणून त्याला प्रतिष्ठा आहे. सातव्या शतकात हर्षाच्या आश्रयाला असलेल्या बाणाने चण्डीशतक रचले, तेव्हा या नावाला दरबारी काव्यातही मानाचे स्थान मिळाले.

दुसरे आयुष्य लौकिक आहे. कालिदासाच्या मेघदूतात यक्ष आपल्या दूरच्या पत्नीला संबोधताना ‘चण्डि’ म्हणतो. तेथे ना असुर आहे ना शस्त्र. आहे ती रुसणारी, चटकन रागावणारी प्रिया. प्रणयाच्या परिभाषेत कोप हे लावण्याचे एक अंग ठरते आणि ‘चण्डी’ हे लाडिक संबोधन होते. एकच शब्द रणांगणावर भय उत्पन्न करतो आणि अंतःपुरात स्मित. अर्थाची ही द्विविधता लक्षात घेतली, तर केवळ शब्दार्थामुळे हे नाव वर्ज्य झाले असे म्हणता येत नाही.

३

याच मुद्द्याला अमरकोशाची साक्ष काढता येते. तेथे पार्वतीच्या नावांमध्ये उमा, कात्यायनी, गौरी, काली, भवानी, रुद्राणी, अपर्णा, दुर्गा, मृडानी, चंडिका, अंबिका अशी नावे एकाच ओळीने येतात. कोशकाराने त्यांच्यात प्रतवारी केलेली नाही. मराठी समाजाने मात्र ती केली. उमा, गौरी, अपर्णा, पार्वती ही नावे घरोघरी गेली. शिवाजी महाराजांच्या एका कन्येचे नाव अंबिकाबाई होते, तर संभाजी महाराजांच्या कन्येचे भवानीबाई. दुर्गा या नावाची विसाव्या शतकातील प्रतिष्ठा तर दुर्गा भागवत आणि दुर्गा खोटे या दोन नावांवरूनच स्पष्ट व्हावी. चंडिका मात्र त्या ओळीत मागे राहिली, आणि तिच्या सोबतीला राहिली काली.

दुर्गा हीसुद्धा महिषमर्दिनीच. ती स्वीकारली गेली आणि चंडी नाकारली गेली, याचे कारण देवतेच्या स्वरूपात सापडणार नाही. ते भाषेच्या व्यवहारात शोधावे लागेल. मराठीत ‘दुर्गा’ हे विशेषण म्हणून वापरले जात नाही. एखादी स्त्री संतापली असे सांगायचे झाल्यास ‘तिने दुर्गावतार धारण केला’ असे म्हणावे लागते. ‘अवतार’ हा शब्द मध्ये आल्यावाचून तो अर्थ उमटत नाही. ‘चंडिका’ला असा आधार लागत नाही. ‘ती म्हणजे चंडिका आहे’ एवढे म्हटले की निवाडा होतो. पंजाबी आणि हिंदी बोलण्यातही ‘चंडी’ हा शब्द भांडखोर स्त्रीला असाच थेट लावला जातो. ‘काळी’ हेही मराठीत रोजचे वर्णविशेषण आहे. जे देवीनाम भाषेत विशेषण म्हणून जिवंत राहते, ते विशेषनाम म्हणून स्त्रीच्या वाट्याला येत नाही, असा एक नियम येथे दिसू लागतो.

‘भामिनी’ या नावाच्या वाटचालीने या नियमाला पुष्टी मिळते. अमरकोशात भामिनी म्हणजे कोपिष्ट स्त्री; अर्थाने ती चंडीची सख्खी बहीण. परंतु मराठी बोलण्यात हे विशेषण कधी रुळले नाही. मूळ अर्थ पंडितांपुरता राहिला आणि सामान्य कानाला उरला तो केवळ नादमधुर शब्द. कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर यांनी १९११ मध्ये रंगभूमीवर आलेल्या ‘संगीत मानापमान’च्या मानी नायिकेला हे नाव दिले. बालगंधर्वांनी ती भूमिका केली आणि भामिनी हे नाव मराठी रसिकांच्या ओठी बसले. खाडिलकरांना मूळ अर्थ ठाऊक असणार. नायिकेच्या स्वभावाशी तो जुळतोही. मात्र प्रेक्षकाने त्यात राग ऐकला नाही. अर्थ झाकला गेला म्हणून नाव तरले.

४

नामकरणाविषयीच्या शास्त्रवचनांकडे वळल्यास या नियमाचे मूळ दिसते. मनुस्मृतीच्या दुसऱ्या अध्यायात स्त्रीचे नाव सुखाने उच्चारता येणारे, क्रूर नसलेले, स्पष्टार्थक, मनोहर, मंगल आणि दीर्घ स्वराने संपणारे असावे असे सांगितले आहे. तिसऱ्या अध्यायात विवाहास अयोग्य अशा मुलींची गणना करताना स्मृतिकार नावांचीही यादी देतो. नक्षत्र, वृक्ष, नदी, पर्वत, पक्षी, सर्प यांची नावे असलेली मुलगी वर्ज्य. दास्यवाचक नावाची वर्ज्य. आणि शेवटी ‘भीषण’ नावाची वर्ज्य.

मराठी समाजाने या यादीचे काय केले ते पाहणे उद्बोधक आहे. रोहिणी, रेवती, अश्विनी ही नक्षत्रे येथे लेकी झाल्या. गोदावरी, कृष्णा, यमुना, नर्मदा, कावेरी या नद्यांनी तर काही पिढ्यांची घरे भरून गेली. मैना आणि कोकिळा ही पाखरे पाळण्यात आली, नागूबाईही आली. एकेक निषेध समाजाने निमूटपणे बाजूला सारला आणि त्याबद्दल कोणी प्रायश्चित्त घेतल्याचे ऐकिवात नाही. एक निषेध मात्र टिकून राहिला, तो ‘भीषण’ नावाचा. शास्त्र म्हणते म्हणून समाज ते पाळतो, हे स्पष्टीकरण त्यामुळे अपुरे पडते. समाजाने शास्त्रातून स्वतःला हवे तेवढेच उचलले. आणि त्याने काय उचलले यातूनच त्याचे मन कळते.

५

आता या नावाच्या एका विलक्षण वैशिष्ट्याकडे येऊ. चंडी हे स्त्रीलिंगी नाव स्त्रियांत विरळ असले, तरी पुरुषांत तसे नाही. बंगालीत चंडीदास हे नाव वैष्णव पदावलीच्या परंपरेत अग्रभागी आहे. फोर्ट विल्यम कॉलेजच्या काळातील बंगाली गद्यलेखकांत ‘तोता इतिहास’ (१८०५) लिहिणारे चंडीचरण मुन्शी आढळतात. चिपको आंदोलनाचे एक प्रवर्तक चंडीप्रसाद भट्ट हे गढवालचे. ज्या बंगालमध्ये चंडीमंगल काव्यांची दीर्घ परंपरा आहे, सोळाव्या शतकात मुकुंदराम चक्रवर्तींनी जिला उत्कर्षाला नेले, आणि जेथे गावाच्या बैठकीची जागाच ‘चंडीमंडप’ म्हणवते, तेथेही हे नाव मुख्यतः मुलग्यांच्या जोडनावांतून वावरते.

मराठीतही या प्रकाराला समांतर उदाहरणे आहेत. शिवनेरीवरच्या शिवाई देवीवरून शिवाजी हे नाव ठेवले गेले, अशी परंपरा आहे. तुळजाभवानीवरून अठराव्या शतकातील तंजावरच्या राजाला तुळजा हे नाव मिळाले. अंबादास, अंबाजी, भवानराव, रेणुकादास ही नावे आपल्या परिचयाची आहेत. यातील सर्वांत बोलके उदाहरण सटवाईचे. पाचवी-सहावीच्या रात्री बाळाचे भाग्य लिहिणारी ही देवी. तिच्या कृपेने वाचलेल्या मुलाचे नाव सटवा किंवा सटवाजी ठेवीत. जत संस्थानाचे संस्थापक सटवाजीराव डफळे यांचे नाव याच परंपरेतले. तोच शब्द स्त्रीकडे वळला की ‘सटवी’ होतो, आणि सटवी ही मराठीतली शिवी आहे. एका देवतेच्या नावातून मुलाला संस्थापकाचे नाव मिळाले आणि मुलीला शिवी.

याची मीमांसा अशी करता येईल. पुरुषाच्या नावात देवी येते ती नात्याच्या रूपाने. दास, चरण, प्रसाद, जी, राव हे उत्तरपद देवी आणि पुरुष यांच्यात अंतर राखते. चंडीदास चंड नसतो; तो चंडीचा सेवक असतो. तिचा कोप त्याच्या बाजूने लढणारा असतो, त्याच्या अंगात शिरणारा नसतो. स्त्रीच्या नावात हे अंतर उरत नाही. ती देवीचे नाव नुसतेच धारण करते, आणि ऐकणारा ते तिचे वर्णन म्हणून ऐकतो. पुरुषाला उग्र देवीचे नाव कवचासारखे मिळते. स्त्रीच्या बाबतीत ते आरोपपत्र होते.

६

पंजाबात हा प्रश्न वेगळ्या रीतीने उभा राहतो. दशम ग्रंथातील ‘चंडी दी वार’ ही पंजाबी वीरकाव्याची एक प्रमुख कृती. तिच्यातील पहिली पौडी शिखांच्या अरदासीच्या आरंभी म्हटली जाते. चंडीचे युद्ध तेथे देवतापूजेच्या अंगाने न वाचता वीरवृत्तीच्या अंगाने वाचले जाते आणि ‘भगौती’चा अर्थ अनेक भाष्यकार खड्ग असा करतात. मराठी अभ्यासकाला ही गोष्ट दूरची वाटू नये. गुरू गोविंदसिंगांचे निर्वाण १७०८ मध्ये नांदेडला झाले. तेथील तख्त हुजूर साहिबमध्ये गुरू ग्रंथसाहिबाबरोबर दशम ग्रंथही विराजमान असतो. त्याच नांदेड जिल्ह्यात माहूरची रेणुका आहे. एका जिल्ह्यात दोन भाषांनी शक्तीची दोन रूपे जपली आहेत. त्यांपैकी रेणुका हे नाव मराठी लेकींना मिळाले, चंडी हे नाव मात्र ना मराठी लेकींना मिळाले, ना पंजाबी.

शीख नामकरणाची पद्धत याला अंशतः कारणीभूत आहे. गुरू ग्रंथसाहिब उघडल्यावर येणाऱ्या शब्दाच्या आद्याक्षरावरून नाव निवडले जाते आणि गुरप्रीत, हरजीत यांसारखी नावे मुलगा व मुलगी दोघांनाही चालतात. भेद दर्शवितात ते सिंग आणि कौर. येथे स्त्रीच्या नावावर तिचे सौम्यत्व सिद्ध करण्याचे ओझे बरेच कमी होते. देवतेचे नाव ठेवण्याचेही कारण उरत नाही.

परंतु इतिहासातील लढवय्या स्त्रियांकडे पाहिले, तर पंजाब आणि महाराष्ट्र पुन्हा जवळ येतात. १७०५ च्या मुक्तसरच्या लढाईत शस्त्र हाती घेणारी आणि पुढे गुरूंबरोबर दक्षिणेत आलेली माई भागो. तिच्या नावात भाग्य आहे. झाशीची राणी पाळण्यातली मणिकर्णिका आणि सासरची लक्ष्मीबाई. तिच्या नावात तीर्थ आहे आणि समृद्धी आहे. तिला ‘रणचंडी’ म्हटले गेले ते तिने तलवार उचलल्यावर आणि बहुतांशी तिच्या मृत्यूनंतर. म्हणजे चंडी ही उपाधी म्हणून देता येते. युद्ध संपल्यावर, धोका टळल्यावर आणि व्यक्ती स्मारकात गेल्यावर समाज ती उदारपणे देतो. जन्माला आलेल्या मुलीला ती आगाऊ देण्याची मात्र त्याची तयारी नसते.

लक्ष्मीबाईंच्या उदाहरणाने आणखी एक गोष्ट ध्यानात येते. मराठी स्त्रीचे नाव लग्नात बदलले जाई. तांदळात बोटाने लिहिलेले नवे नाव हे तिच्या नव्या आयुष्याचे प्रवेशपत्र असे. त्यामुळे माहेरी कोणी उग्र नाव ठेवले असते, तरी सासरच्या कागदांत ते उतरण्याची शक्यता कमीच. स्त्रीनामांचा इतिहास हा पुष्कळदा दुसऱ्यांदा ठेवलेल्या नावांचा इतिहास असतो. अमृता प्रीतम यांच्या ‘पिंजर’ (१९५०) या कादंबरीत पळवून नेलेल्या पूरोचे हमीदा होते आणि ते नवे नाव तिच्या हातावर गोंदले जाते. फाळणीच्या हिंसेतील ते नामांतर आणि मंगलाष्टकांनंतरचे हे नामांतर यांना एका मापाने मोजता येणार नाही. तरीही नाव हे स्त्रीच्या मालकीचे नसते, ही जाणीव दोहोंमध्ये समान आहे. ज्या स्त्रियांवर १९४७ मध्ये हे अत्याचार झाले, त्यांच्या प्रांताच्या नव्या राजधानीला कोपाच्या देवीचे नाव मिळाले. हा योगायोग असेल. पण तुलनाकाराने त्याची नोंद घ्यावी असा तो आहे.

७

येथवरच्या विवेचनावर एक आक्षेप संभवतो. मुलीचे नाव मंगल असावे हा संस्कार इतका दृढ असेल, तर चंडी नाकारली जाण्यात नवल ते काय? या आक्षेपाला उत्तर महाराष्ट्रानेच दिले आहे. वाचलेल्या मुलांना दगडू, धोंडू, केरू अशी नावे ठेवण्याची चाल जुनी आहे. दृष्ट लागू नये हा तिचा हेतू. मुलींमध्ये धोंडूबाईही होत्या. पण मुलींच्या वाट्याला आणखी एक नाव आले, ‘नकोशी’ किंवा ‘नकुसा’. त्यामागे दृष्ट टाळण्याचा हेतू नव्हता. पुन्हा मुलगी होऊ नये ही इच्छा होती. २०११ च्या ऑक्टोबरात सातारा जिल्ह्यात या नावाच्या दोनशेहून अधिक मुलींची नावे समारंभपूर्वक बदलण्यात आली, तेव्हा या प्रथेची व्याप्ती देशाला कळली.

‘नकोशी’ हे नाव ना मंगल आहे, ना मनोहर. स्पष्टार्थक मात्र ते पुरेपूर आहे. हाक मारणाऱ्या प्रत्येकाला त्याचा अर्थ कळतो आणि ती मुलगी तो रोज ऐकते. तरीही ते ठेवले गेले, शाळेच्या पटावर चढले. यावरून एवढे निश्चित होते की, मुलीच्या नावातील अमंगलाची समाजाला वाटते तितकी भीती नव्हती. तिचा अपमान करणारे नाव त्याला चालले. तिच्या कोपाला मान्यता देणारे नाव चालले नाही. चंडी या नावाच्या विरळतेचा अर्थ, प्रस्तुत लेखकाच्या मते, या दोन नावांना शेजारी ठेवल्यावाचून लागत नाही.

देवीमाहात्म्याच्या कर्त्याला कोपातून स्त्री साकार होणे ही संकटनिवारणाची घटना वाटली होती. त्या ग्रंथाचा पाठ आजही श्रद्धेने होतो. पठणाच्या काळात घरात ‘चंडी बसली आहे’ असे आदराने सांगितले जाते. पाठ संपतो, कलश हलवला जातो, आणि ते नाव पुन्हा पोथीत बांधून ठेवले जाते. या पार्श्वभूमीवर मराठीतले ‘चंदीगड’ केवळ लेखनदोष म्हणून सोडून देणे कठीण जाते. ‘ड’ लिहावयास आपल्याला अडचण नाही. ‘प्रचंड’ आपण बिनचूक लिहितो. म्हणून निदान नगराचे नाव तरी ‘चंडीगड’ असे लिहावे. मुलींच्या नावांचा विचार त्यानंतरचा; पण तो करावयाचा झाला, तर त्याची सुरुवात या एका अक्षरापासून होऊ शकेल.